नववीच्या रिसर्च पेपरला आधुनिक इतिहासाचा विषय हवाय, कोल्हापूरचाच, कुठला घेऊ?

रंकाळाकाठ_नववी_ब

नमस्कार सगळ्यांना. मी नववीत आहे, कोल्हापुरातच. इतिहासाच्या मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत रिसर्च पेपर लिहायला सांगितलाय, दीड-दोन हजार शब्द, विषय १८५७ नंतरचा पाहिजे आणि निदान दोन तरी मूळ साधनं वापरायची, म्हणजे त्या काळातला कागद, पेपरची बातमी, फोटो नाहीतर कुणाची मुलाखत. गुगलवरचं उतरवून आणलं तर परत देणार म्हणाल्यात आणि त्या खरंच देतात.

मी आधी दुसरं महायुद्ध लिहून दिलं होतं तर मॅडम म्हणाल्या दुसऱ्या महायुद्धातलं काय, मी म्हटलं सगळं, तर वर्ग हसला. मग राजर्षी शाहू महाराजांचे कार्य दिलं तर निम्म्या वर्गाचा तोच विषय निघाला. पप्पा म्हणतात शाहू महाराजच घे, मार्क कोण कापत नाही. आजी म्हणते आपल्या जवळच्या वळिवड्याला पोलंडची माणसं राहत होती त्यावर लिही. मला पिक्चरचं पण आवडतं, प्रभात वगैरे. सोमवारी विषय फायनल करून द्यायचाय. कुठला घेऊ आणि साधनं कुठं मिळतील ते पण सांगा प्लीज.

पेठेतला_गडी

भावा पिक्चर घे, विषय संपला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ हाय बघ, रोज तिथनं जात असशील, कधी थांबून बघितलायस का तो कुणासाठी हाय? बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, सिनेमाचा कॅमेरा मिळंना म्हणून इथंच कोल्हापुरात स्वतः बनवला आणि १९२० ला पिक्चर काढून दाखवला. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं म्हणजे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, ही बाहेर पडली आणि १ जून १९२९ ला प्रभात काढली, ती पण कोल्हापुरातच. मराठीतला पहिला बोलपट १९३२ चा, तो पण आपल्याकडंच तयार झालाय. आणि १९३३ ला सगळं चंबूगबाळं उचलून पुण्याला गेले, आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट हाय.

का गेले? हाच तुझा विषय. माझं उत्तर हाय की पुण्यानं पळवलं, पण ते पेपरात लिहू नको.

निवृत्त_मास्तर

बाळ, तुझ्या मॅडमनी जो प्रश्न विचारला तो हसण्यासारखा नव्हता, वर्गानं उगाच हसलं. राजर्षी शाहू महाराजांचे कार्य हा भाषणाचा विषय आहे, दर २६ जूनला आपण तेच करतो, पोरं पाठ करून येतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. शाहू महाराज सोडू नको, पण त्यातला एकच कागद धर.

२६ जुलै १९०२ चा हुकूम घे. महाराज तेव्हा इथं नव्हतेच, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते, आणि इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गातल्या माणसांनी भराव्यात. मागासलेले म्हणजे कोण तेही त्यातच लिहिलंय, ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. लोक इथपर्यंतच वाचतात. मला त्यातली शेवटची ओळ सगळ्यात जास्त आवडते, प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवायचा. नुसता हुकूम काढून गप्प बसायचं नव्हतं, तो पाळला जातोय का ते बघायचं होतं.

आता आकडे बघ, हे सगळ्या पुस्तकात येतात. १८९४ ला महाराज गादीवर आले तेव्हा कारभारातल्या वरच्या ७१ जागांपैकी ६० वर ब्राह्मण होते. १९१२ ला ९५ पैकी ३५. हे कसं झालं? हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी शिकलेला मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान कारकून आभाळातनं पडत नाही. तो तयार करावा लागतो, म्हणून बोर्डिंगं. आणि व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं आहे, म्हणजे हुकमाच्या आधीचं. आधी पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय, मग नोकरीतली जागा, मग १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. हा क्रम का लागला एवढाच प्रश्न घेऊन दोन हजार शब्द लिहिलेस तर निम्म्या वर्गाचा विषय तोच असला तरी तुझा पेपर वेगळा निघेल.

साधनं लांब नाहीत. शाहू पेपर्सचे खंड विद्यापीठानं छापलेत, मोठ्या वाचनालयात मिळतील. दसरा चौकात जाऊन बोर्डिंगांच्या इमारती बघ, कोनशिला दिसली तर फोटो काढ, कोनशिला पण साधनच आहे. वेदोक्ताच्या भानगडीत मात्र इतक्यात शिरू नको, दोन हजार शब्दात मावत नाही.

एमए_वाली_ताई

सर नमस्कार, बाकी सगळं पटलं पण वेदोक्त बाजूला ठेवून १९०२ समजावून सांगायचं म्हणजे अवघड आहे. १८९९ ला पंचगंगेवर महाराजांच्या स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त म्हणजे वेदातले मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणजे पुराणातले मंत्र म्हणतोय हे लक्षात आलं, कारण काय तर राजा असला तरी त्यांच्या लेखी शूद्र, तिथनं प्रकरण पेटलं ते राजोपाध्यांचं वतन जप्त होईपर्यंत गेलं आणि हे सगळं हुकमाच्या आधीच्या दोन-तीन वर्षातलंच आहे. निदान एक परिच्छेद तरी पाहिजेच.

निवृत्त_मास्तर

परिच्छेद चालेल. पंधरा वर्षांच्या पोराला अख्खं प्रकरण देऊ नका एवढंच म्हणालो. शाळेत पालक भांडायला येतात ते मी बघितलंय.

चप्पल_लाईन

कोल्हापुरी चप्पल घे की! २०१९ ला जीआय म्हणजे त्या भागाच्याच मालाला ते नाव लावायचा हक्क मिळाला, २०२५ ला इटलीच्या प्रदा कंपनीनं मिलानला तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या आणि कोल्हापूरचं नाव पण घेतलं नाही, केवढा गाजावाजा झाला. ताजा विषय हाय, मूळ साधन पाहिजे तर आमच्या लाईनीत कुठल्याबी दुकानात येऊन बस, कारागीर बोलतील.

एमए_वाली_ताई

ताजा आहे हीच अडचण आहे हो दादा, मॅडम म्हणतील हा इतिहास नाही बातमी आहे. पण त्यात एक चांगला प्रश्न दडलाय. जीआयमध्ये महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकचे पण चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नाव कोल्हापुरी आणि निम्मा मुलूख कर्नाटकात, हे कसं? त्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे, फक्त सुट्टीत होईल असं वाटत नाही.

रंकाळाकाठ_नववी_ब

सर आणि ताई खूप थँक्यू. बोर्डिंगचं आवडलं. पण पोलंडवाल्यांचं कुणाला काही माहितीये का? आजी फार मागं लागलीय, तिची आई सांगायची म्हणे की गोऱ्या बायका बाजारात यायच्या आणि मराठीत भाव करायच्या.

फॉरवर्ड_मास्टर

हो हो, आपल्या कोल्हापूरच्या महाराजांनी दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश अनाथ मुलांना दत्तक घेतलं, कुठलाच देश घेत नव्हता तेव्हा, म्हणून पोलंडमध्ये आज पण महाराजांच्या नावाचा चौक आहे. अभिमान वाटतो. सगळ्यांना पाठवा.

उचगावकर

वरच्या दादांनी दोन गोष्टींचा काला केलाय आणि ह्योच काला दर वर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतोय, त्यामुळं सविस्तर सांगतो. चौक हाय तो जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा, दिग्विजयसिंहजी. त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी कॅम्प काढला १९४२ ला. आपल्याकडचा वळिवड्याचा कॅम्प वेगळा, १९४३ ते १९४८, आणि तो लई मोठा, जवळपास पाच हजार माणूस, त्यात पोरं तर होतीच पण बायका आणि म्हातारी माणसं जास्त. पुढं बालाचडी बंद झालं तेव्हा तिथली राहिलेली पोरं पण वळिवड्यालाच आणली. आणि १९४३ ला कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं ते बघ. राजाराम महाराज १९४० ला गेले, त्यानंतर दत्तक घेतलेले छत्रपती शिवाजी महाराज तेव्हा अगदी तान्हं मूल, कारभार रीजन्सीकडं, म्हणजे राजा लहान असताना कारभार बघणाऱ्यांकडं, वर इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे संस्थानावर लक्ष ठेवणारा अधिकारी. मग पाच हजार परदेशी माणसं ठेवून घ्यायचं ठरवलं कुणी? दरबारानं, दिल्लीच्या इंग्रज सरकारनं, का लंडनला बसलेल्या पोलंडच्या सरकारनं? हा झाला खरा प्रश्न. पोरा, तुला कागद शोधायला लावणारा.

ती आली कशी ते पण ऐक, कारण तू दुसरं महायुद्ध म्हणत होतास न्हवं, ते ह्याच्यात सगळं येतंय. १९३९ ला जर्मनी आणि रशिया दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातनं १९४०-४१ ला लाखो माणसं घरातनं उचलून सैबेरिया, कझाकस्तानला नेली. मग जून १९४१ ला हिटलरनं रशियावरच चाल केली, रशियाला आता मित्र पाहिजे झाले, म्हणून ह्या पोलिश लोकांना सोडलं आणि त्यांची फौज उभी करायला परवानगी दिली. गडी फौजेत गेले, बायकापोरं त्यांच्या मागनं १९४२ ला इराणला पोचली आणि तिथनं काही आफ्रिकेत, काही इकडं. म्हणजे वळिवड्याच्या बराकीत आई आणि पोरं, आणि बाप इटलीत लढतोय, असली घरं. युद्ध संपलं तरी बरीच जण परत गेली न्हाईत कारण त्यांचं गावच आता रशियाच्या हद्दीत गेलं होतं. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिकडं मिळंल तिकडं गेली.

कॅम्पात शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची, स्काउट होते. रेल्वे लाईन शेजारनंच. आणि १९४८ ला ही माणसं गेली तेव्हा फाळणीमुळं सिंधमधनं आलेली माणसं त्याच बराकीत राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातोय ते गांधीनगर! एका छावणीत पाठोपाठ दोन देशांचे निर्वासित, आणि आपल्याला तिथलं फक्त साडीचं होलसेल माहिती.

फॉरवर्ड_मास्टर

बरं झालं सांगितलं. आमच्या ग्रुपवर टाकतो हे.

पेठेतला_गडी

उचगावकर नाद खुळा. पिक्चरचा विषय मी मागं घेतो.

रंकाळाकाठ_नववी_ब

काका हे भारी आहे!! मी गांधीनगरला कितीदा गेलोय, मला खरंच माहिती नव्हतं. पण मूळ साधनं कुठं मिळणार? सगळं पोलिशमध्ये असेल ना?

उचगावकर

न्हाई रे. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मारकस्तंभ हाय, आधी तिथं जा, त्यावरचा मजकूर वाच, फोटो काढ. कोल्हापुरातल्या ख्रिश्चन स्मशानभूमीत त्या लोकांच्या कबरी हायत, नावं आणि सालं लिहिलेली, परवानगी घेऊन बघायला मिळतील. कबरीवरचं वय बघत गेलास तर कॅम्पात कोण मरत होतं ते कळंल. सप्टेंबर २०१९ ला पोलंडचे मंत्री वळिवड्याला येऊन स्मारकाचं उद्घाटन करून गेले, तेव्हा लहानपणी कॅम्पात राहिलेले काही म्हातारे-म्हाताऱ्या पण आले होते, आपल्या पेपरांनी पानं भरून छापलं होतं. वाचनालयात त्या दिवसांचे अंक काढ. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक हाय, ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान तिथं जाऊन आले, ती पण बातमी मिळंल. आणि ती पोरं मोठी झाल्यावर इंग्लंडमध्ये संघटना करून त्यांनी आठवणी छापल्यात, इंग्रजीत पण हायत, तुझ्या मॅडमना विचारून बघ.

गांधीनगरात माझ्या ओळखीचे एक दुकानदार हायत, लहान असताना आईवडलांबरोबर सिंधमधनं आलेले. नाव इथं टाकत नाही, तू मेसेज कर, पप्पांना घेऊन ये, मी गाठ घालून देतो.

एमए_वाली_ताई

आता मला पण हाच विषय घ्यावासा वाटायला लागला. मी विलीनीकरण सुचवणार होते, म्हणजे सांगली, मिरज वगैरे दक्षिणेतली संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात गेली आणि कोल्हापूर मात्र १ मार्च १९४९ ला, मधलं वर्षभर काय चाललं होतं हा प्रश्न. माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार, त्यांची प्रजा परिषद म्हणजे संस्थानात लोकांचं राज्य मागणारी संघटना, हे सगळं त्यात येतं. पण बघ, तुझ्या विषयाला पण ते चिकटतंच, कॅम्प रिकामा होऊन सिंधी लोक आले ते नेमके ह्याच वर्षभरात. तेव्हा इथं राज्य कुणाचं चाललं होतं हे एका परिच्छेदात सांगावंच लागेल.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. कोल्हापुरात शासनाचं पुरालेखागार आहे, तिथं जायचं असेल तर शाळेच्या लेटरहेडवर मॅडमचं पत्र घेऊन जा, नुसतं गणवेशात जाऊन उभा राहिलास तर काम होणार नाही. तिथले बरेच जुने कागद मोडीत असतात पण १९४३ च्या आसपासचा पत्रव्यवहार इंग्रजी असण्याची शक्यता जास्त, त्यामुळं घाबरू नको. सुट्टीत सरकारी ऑफिसं बंद असतात हे लक्षात ठेव, दिवाळीच्या आधीच एक चक्कर मार. वाचनालयाला करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं आहे.

आणि एआयला विचारून पुस्तकांची यादी मागू नको. आमच्या वर्गात एकानं मागितली, छान दहा पुस्तकं आली, लेखक, प्रकाशक, पानांचे नंबर सगळं, लायब्ररीत त्यातलं एक पण नाही आणि जगात पण नाही. कळेना झालेला इंग्रजी मजकूर समजावून घ्यायला वापर, चालेल.

चप्पल_लाईन

पोलिश लोक कोल्हापुरी पायात घालत असतील का हो? तेवढं विचारून बघ रं त्या दुकानदारास्नी, मग माझाबी विषय येतोय.

पेठेतला_गडी

दुकानदार १९४८ ला आले दादा, पोलिश गेल्यावर.

चप्पल_लाईन

मग ऱ्हावू दे.

निवृत्त_मास्तर

मला बोर्डिंगाचा विषय जाताना वाईट वाटतंय, पण पोराच्या डोळ्यात कुठला विषय चमकतोय ते दिसतंय इथनंसुद्धा. घे वळिवडे. फक्त कॅम्पाचा सगळा इतिहास लिहायला बसू नको, नाहीतर दुसरं महायुद्ध सगळं असं म्हणालास तिथंच परत येशील. एकच प्रश्न, एका ओळीत, शेवटी प्रश्नचिन्ह. तो लिहून इथं टाक बघू.

रंकाळाकाठ_नववी_ब

सर असं चालेल का: वळिवड्याच्या पोलिश छावणीचे गांधीनगर कसे झाले? (१९४३ ते १९४९)

निवृत्त_मास्तर

चांगला आहे. कसे झाले याच्यात कुणी ठरवले हे पण येऊ दे. १९४३ ला पोलिश लोकांना जागा द्यायचं कुणी ठरवलं आणि १९४८ ला सिंधी लोकांना द्यायचं कुणी ठरवलं, ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवलीस की पेपर उभा राहतो. पहिलं उत्तर नाही सापडलं तर कुठं कुठं शोधलं ते लिही. मी मॅडम असतो तर त्याला पण मार्क दिले असते.

एमए_वाली_ताई

आजीला सोडू नको हां. आजीनं स्वतः बघितलेलं नाही, तिच्या आईकडून ऐकलेलं आहे, तर तसंच स्पष्ट लिहायचं, ऐकीव आठवण म्हणून. बाजारातल्या बायका मराठीत भाव करायच्या हे दुसरीकडं कुठं सापडलं तर जोडायचं, नाही सापडलं तर एकटीची आठवण म्हणून ठेवायचं. खोटं ठरवायचं पण नाही आणि सिद्ध झालं असं पण म्हणायचं नाही.

रंकाळाकाठ_नववी_ब

ओके ताई. उचगावकर काका तुम्हाला मेसेज केलाय, पप्पा रविवारी मोकळे आहेत. एकच शंका, ते आजोबा सिंधी नाहीतर हिंदीत बोलले तर मी पेपरात मराठीत लिहिलं तर चालतंय का?

एमए_वाली_ताई

चालतंय. आधी विचारून रेकॉर्डिंग कर, घरी येऊन ते जसं बोलले तसं वहीत उतरव, मग मराठी कर. वरती मुलाखतीची तारीख, ठिकाण, त्यांचं अंदाजे वय आणि इथं आले तेव्हा केवढे होते ते लिही. नाव छापायचं का नाही ते त्यांना विचार, नको म्हणाले तर गांधीनगरमधील एक ज्येष्ठ व्यापारी एवढंच.

उचगावकर

रविवारी सकाळी लवकर या, अकरानंतर गिऱ्हाईक सुरू होतंय मग ते बोलणार न्हाईत. आणि पप्पांना सांग, खरेदी नंतर.